सतरा सप्टेंबरचं भाषण

मी वाशीचा. एवढं सांगितलं की मुंबईकडचा माणूस लगेच विचारतो, "कुठल्या सेक्टरला?" मग सांगावं लागतं की आमच्या वाशीला खाडी नाही, पूल नाही आणि सेक्टरही नाहीत. धाराशिव जिल्ह्यातला हा तालुका आहे. सोलापूर-धुळे रस्त्याने येरमाळा मागे पडला की तेरखेड्याची फटाक्यांची दुकानं लागतात, तो सगळा पट्टा आमचा. पहाटे दुधाच्या किटल्या, दिवसभर खव्याच्या भट्ट्यांचा धूर, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या गाड्या.

इथल्या शाळेत मी इतिहास शिकवला आणि २०१८ साली निवृत्त झालो. इतक्या वर्षांत पुस्तकं बदलली, हेडमास्तर बदलले, पण एक काम कायम माझ्याच गळ्यात राहिलं. ते म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं, १७ सप्टेंबरचं भाषण. एका दोनशेपानी वहीत मी ते एकदाच झोकात लिहून काढलं. दरवर्षी तेच वाचायचं, असा सोपा बेत होता. पण वर्ष-दोन वर्षांनी त्यातलं काही ना काही खटकायचं. मग एखादी ओळ खोडायची, समासात दुसरी लिहायची, बाण काढायचा. आता वही उघडली तर मूळ भाषण शोधावं लागतं.

भाषणातला खलनायक ठरलेला होता. मीर उस्मान अली खान, हैदराबादचा सातवा आणि शेवटचा निजाम. १९११ साली गादीवर आला, १९४८ साली राज्य गेलं, १९६७ साली वारला. या तीन सालांना मला कधी हात लावावा लागला नाही. बाकीचं सगळं हलत राहिलं. त्या खाडाखोडीतून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. राजा आधी नाक्यावर भेटतो, पुस्तकात नंतर

माझी आजी निजामाला निजाम म्हणत नसे. तिच्या तोंडी 'सरकार' असायचं. तिचा राग सरकारवर कमी आणि लेव्हीवाल्यांवर जास्त होता. खळ्यावर रास पडली की माणूस हजर. त्याने सांगितलेली ज्वारी सरकारी भावाने घालायची, मग घरात उरो न उरो. दुसरा राग करोडगिरीच्या नाक्यावर. आमचा बाजार बार्शीचा आणि बार्शी इंग्रजांची. म्हणजे गूळ विकायला जायचं तरी आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं. मध्ये नाका, नाक्यावर शिपाई, आणि शिपायाचा हात पुढे.

आजीकडे एक हाली रुपया होता, चांदीचा. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत उर्दू अक्षर 'ऐन', उस्मान या नावातलं पहिलं अक्षर. निजामाच्या राज्यात तो खणखणीत चालायचा. बार्शीत गेलं की मोडून घ्यावा लागे, आणि भाव ठरलेला असे: सहा कलदारांना सात हाली. माझ्या आजीला शाळा माहीत नव्हती, पण आपला राजा इंग्रजाच्या राजापेक्षा किती हलका आहे हे तिला आण्यापैपर्यंत ठाऊक होतं. बार्शीकर आम्हाला 'मोगलाईतले' म्हणत. "इथं काय मोगलाई लागून गेली का?" असं आजही पुण्यात कुणी सहज म्हणून जातो, तेव्हा मला अजून क्षणभर वाटतं की आपल्यालाच बोलला.

१९४८ हे साल तिच्या हिशेबात नव्हतंच, ते 'रजाकारीचं साल' होतं, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या टोळ्यांचं. त्या साली घरातल्या बायका-पोरांना रात्रीतून बैलगाडीने बार्शीकडच्या पाहुण्यांकडे हलवलं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवली होती, एवढंच ती सांगायची. पुढचं विचारलं की गप्प बसायची.

माझ्या पहिल्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. त्यात 'अनन्वित अत्याचार' होते. एका वर्षी सातवीतल्या पोराने विचारलं, "सर, अनन्वित म्हंजे काय?" मला धड सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी तो शब्द खोडून मी घुंगरं लिहिली.

२. नाव सारखं म्हणून राजा एक नसतो

हा धडा छोटा आहे, पण यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. परंड्याच्या किल्ल्यावर सहल नेली की पोरं हमखास गोंधळ घालत. परंडा निजामशाहीचा, आणि आपण निजामातून सुटलो, म्हणून शहाजीराजांची चाकरी थेट उस्मान अलीच्या दरबारात! अहमदनगरची निजामशाही १६३६ साली बुडाली. हैदराबादच्या असफजाही निजामांची सुरुवात १७२४ ची. दोन्हींत काडीचं नातं नाही. पण एका पेपरात शहाजीराजांनी रझाकारांच्या कासिम रझवीला हरवलेलं मी लाल शाईने दुरुस्त केलं आहे. आता हाच गोंधळ मोठी माणसं मोबाइलवर घालतात आणि तिथे लाल शाई चालत नाही.

३. ज्याने आपल्याला गहाण टाकलं, त्याचं नाव कुणालाच आठवत नाही

उस्मान अलीच्या कितीतरी आधी, चौथा निजाम नासिरुद्दौला याच्या डोक्यावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज झालं. ते फेडायला त्याने १८५३ साली वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आमचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. सरळ सांगायचं तर आमचा जिल्हा गहाण पडला. सत्तावनच्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये आम्ही परत त्याच्याकडे. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतला. अख्ख्या जिल्ह्यातली माणसं विचारल्याशिवाय इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली. याबद्दल नासिरुद्दौलाला शिव्या घालणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

उलट सहावा निजाम महबूब अली पाशा, म्हणजे उस्मान अलीचा बाप. हैदराबादेत त्याच्या नावाची अशी ख्याती की साप चावला तर लोक त्याची दुहाई देत, आणि विष उतरतं म्हणत. बाप विष उतरवणारा आणि मुलगा आमच्याकडे विषासारखा. राज्यपद्धत तीच, जहागीरदार तेच, दरबारही तोच. फरक काळाचा होता. महबूबच्या रयतेने त्याच्याकडे जबाबदार सरकार मागितलंच नव्हतं. उस्मान अलीच्या रयतेने मागितलं. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहत होती, स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं तुरुंगात जात होती. मागणारा समोर आला तेव्हाच देणाऱ्याची दानत कळली. बाप सुटला तो मला वाटतं वेळेवर मेला म्हणून. (हे वाक्य भाषणात कधी घेतलं नाही. हेडमास्तर समोर बसलेले असत.)

४. वेशीपलीकडे तोच राजा दुसरा असतो

मेहुण्याच्या उपचारासाठी एकदा अकरा दिवस हैदराबादला राहावं लागलं. आमच्याकडचा माणूस मोठ्या दुखण्याला सोलापूरला जातो, नाहीतर हैदराबादला; ती वाट जुनीच आहे. रोज मुसी नदी ओलांडायची, समोर उस्मानिया हॉस्पिटलचे घुमट, पलीकडे हायकोर्ट. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे डबा घेऊन जातानाही पाट्या वाचत जायचो. उस्मानिया हॉस्पिटल, उस्मानिया विद्यापीठ, उस्मानसागर. शहराला पाणी पाजणारा माणूस आणि माझ्या वहीतला माणूस एकच आहे, हे अकरा दिवस पचवत होतो.

मुसीला २८ सप्टेंबर १९०८ ला महापूर आला आणि हजारो माणसं गेली. तेव्हा गादीवर महबूब होता. पुन्हा असं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, नदीवर धरणं बांधायची ठरली. ती पूर्ण होईपर्यंत गादीवर मुलगा आला होता. उस्मानसागर १९२० सालचं, हिमायतसागर १९२७ सालचं. डोकं इंजिनिअरचं, पूर बापाच्या काळातला, नाव मुलाचं. तरी लोकांनी प्यायलेलं पाणी खरंच होतं. त्या शहरातल्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुझा राजा वाईट होता?

रिक्षावाल्याने तर मला गप्पच केलं. मराठवाड्याचा आहे कळल्यावर तो म्हणाला, "पाँच टन सोना दिये उनों मुलुक कू, पेट्या वापस मंगे बस." ही गोष्ट पुढे मला मोबाइलवरही पन्नासदा आली. १९६५ च्या युद्धात निजामाने देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं आणि रिकाम्या लोखंडी पेट्या तेवढ्या परत मागितल्या. ऐकायला झकास. पुढे कुणीतरी माहिती अधिकारात विचारलं, तर राष्ट्रीय संरक्षण निधीकडे अशा दानाची नोंदच निघाली नाही. जे घडलं ते असं: त्याने ४२५ किलो सोनं सरकारी सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजाने. गुंतवणूकही तेव्हा मदतच होती, सरकारला सोनं हवंच होतं. पण दान आणि मुदतठेव यांतला फरक आमच्याकडे पतसंस्थेत खातं असलेल्या कुणालाही कळतो.

त्यात मला मौज वाटते ती दुसरीच. याच माणसाचं चित्र २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर जगातला सगळ्यात श्रीमंत म्हणून आलं होतं, आणि तोच चिक्कू म्हणूनही जगभर गाजला होता. जुनी शेरवानी, पाहुण्याने टाकलेली सिगारेट, जेकब हिऱ्याचा पेपरवेट. चिक्कू म्हणून हसणारेही त्याचेच आणि पाच टन सोनं दिलं म्हणून रडणारेही त्याचेच. दोन्ही गोष्टी एकाच रिक्षात ऐकायला मिळतात.

आणि ज्या तारखेवर माझं भाषण उभं, तीही वेशीपलीकडे गेली की नाव बदलते. आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. कर्नाटकाच्या बाजूला, गुलबर्गा-बिदरला, तो आता कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ साली केंद्र सरकारने हैदराबाद मुक्ती दिन पाळला, तर राज्य सरकारने त्याच दिवशी राष्ट्रीय एकात्मता दिन. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथलं सरकार बदललं आणि २०२४ मध्ये त्याने प्रजा पालनाचा दिवस केला. निजाम एक, तारीख एक, झेंडा एक, आणि नावं पाच. कुठल्या नावाच्या मंडपात आपण बसलोय त्यावर राजा किती काळा हे ठरतं.

५. हरलेला राजा लगेच उतरत नाही

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज आली आणि पहिल्याच दिवशी आमच्या जिल्ह्यातला नळदुर्ग घेतला. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजाम शरण आला. माझं भाषण इथे टाळ्यांवर संपायचं. पुढची ओळ मी बरीच वर्षं सांगितली नाही, कारण तिला टाळ्या पडत नाहीत. २६ जानेवारी १९५० ला हाच उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. म्हणजे मुक्त झाल्यावरही पावणेसात वर्षं आमच्या राज्याच्या माथ्यावर तोच, फक्त आता राज्यघटनेची शपथ घेतलेला. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा आमचं आणि त्याचं खरं तुटलं. पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे असं बघत, जणू मीच त्याला नेमला.

६. पुण्य आणि पाप एका खात्यात वजा होत नाहीत

पुण्याला भांडारकर संस्थेत एकदा एका मित्राबरोबर गेलो होतो. आवारात एका दगडी इमारतीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे निजाम गेस्ट हाउस." मी म्हटलं, "कुठला निजाम?" "तुमचाच की."

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने मदत मागितली, तेव्हा या निजामाने वर्षाला एक हजार रुपये याप्रमाणे अकरा वर्षं दिले आणि अतिथिगृहासाठी पन्नास हजार वेगळे. आमच्याच मराठवाड्यातल्या अजिंठ्याचं तसंच. त्याच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानींनी ते चालवलं. सुटत चाललेले रंगांचे पोपडे भिंतीला धरून ठेवायला १९२० नंतर थेट इटलीहून कारागीर आणले. आज आपण अजिंठ्याचं जे बघतो त्यात त्या खर्चाचा वाटा आहे.

वहीच्या समासात हे लिहिलं आणि पुढे अडकलो. मग रझाकारांचं काय? ते अर्ध्यावर आणायचं का? अकरा हजार रुपयांचं महाभारत वजा घुंगरं काढलेली बैलगाडी, बाकी किती?

सगळ्यात घोळ उस्मानिया विद्यापीठाचा. १९१८ सालचं. सगळं उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेत द्यायचं, हे धाडस आधी त्याने केलं. वैद्यक, विज्ञान, कायदा यांची पुस्तकं भाषांतरित करायला स्वतंत्र खातं काढलं. मी मराठी माध्यमाचा कट्टर माणूस, मला याचं कौतुक वाटायलाच हवं, आणि वाटतंही. पण ती देशी भाषा उर्दू होती. वाशी-भूमच्या कुणब्याच्या पोराला उर्दू काय आणि इंग्रजी काय, दोन्ही सारख्याच लांब. तेलुगू आणि कानडी पोराचंही तेच. ज्या कामासाठी देशाने त्याला शाबासकी द्यावी, त्याच कामासाठी आमच्या दोन पिढ्या अक्षराला मुकल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं, त्यांना काढून टाकलं, आणि त्यांना नागपूर विद्यापीठाने पोटाशी घेतलं. विद्यापीठ काढणाराही तोच आणि पोरं काढणारंही त्याचंच सरकार. मी वजाबाकी सोडून दिली. भाषणात दोन्ही रकमा शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बेरजेची रेघच ओढली नाही.

७. राजा वाईट ठरला म्हणून आपण चांगले ठरत नाही

आमच्या शाळेत पी.टी.चे एक सर होते, मुसलमान, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. झेंडावंदनाला कवायत त्यांची आणि भाषण माझं, अशी आमची जोडी. वीस वर्षं ते माझ्या भाषणात पहिल्या रांगेच्या कडेला ताठ उभे राहत. एकदा निवृत्तीच्या आसपास, भट्टीवर चहा पिताना, ते सहज म्हणाले, "गुरुजी, तुमचं भाषण सतराला संपतं. आमच्या अब्बांचं तिथून सुरू व्हायचं."

त्यांच्या वडिलांना सप्टेंबर १९४८ नंतर कित्येक आठवडे शेजारच्या एका पाटलाच्या वाड्यातल्या बळदात लपवून ठेवलं होतं. रझाकारांशी त्यांचा संबंध नव्हता. ते शिंपीकाम करत. ज्यांनी लपवलं ते आमच्या गावचे, आणि ज्यांच्यापासून लपवावं लागलं तेही.

मग मी वाचलं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबरच्या त्या फौजी कारवाईनंतर, नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८ च्या अखेरीस या भागात फिरली. तिच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने गुलबर्गा, बिदर, नांदेड आणि आमचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, धरला. तो अहवाल पुढची साठेक वर्षं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी केलं ते खोटं नव्हतं, माझ्या आजीच्या तोंडावरची ती चुप्पी खोटी नव्हती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. त्याच रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये शोएबुल्ला खान नावाच्या मुसलमान संपादकाला मारलं, भारतात सामील व्हा असं त्याने लिहिलं म्हणून. ज्याने लिहिलं तो मुसलमान, आणि सूड ज्यांच्यावर निघाला तेही मुसलमानच.

त्या वर्षी मी भाषणात बळदाची गोष्ट घातली, नाव-गाव न घेता. कार्यक्रम झाल्यावर गावातल्या एका जाणत्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, आजच्या दिवशी हे बरं नाही." मी विचारलं, "मग कुठल्या दिवशी?" त्यांनी खरंच थोडा विचार केला. उत्तर आलं नाही. पी.टी.चे सर लेझीम गोळा करत होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही, आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

८. लिहिणाऱ्याच्या घरातला मुडदाही बघावा

हे फक्त निजामाचंच नाही. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं संभाजीराजांबद्दल चांगलं बोलत नसत. व्यसनी, रागीट, बापाचं राज्य घालवलेला. नाटकांतून तेच, कीर्तनातही तेच. हे सगळं फिरून फिरून एका बखरीपाशी जातं. मल्हार रामराव चिटणीसांनी ती १८१० च्या सुमारास लिहिली, म्हणजे राजे गेल्यावर सव्वाशे वर्षांनी. आणि चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच १६८१ साली कटाच्या संशयावरून मारलं होतं. ज्या घरात ही आठवण सांभाळली गेली, त्या घरातल्या लेखणीने राजाचं चित्र काढलं आणि दीडशे वर्षं महाराष्ट्राने ते खरं मानलं.

ते उलटवलं वा. सी. बेंद्रे यांनी. आयुष्यातली चाळीसेक वर्षं कागद शोधण्यात घातली आणि १९६० साली चरित्र छापलं. मग कमल गोखल्यांचं संशोधन, १९७९ मध्ये 'छावा' कादंबरी, पुढे मालिका, २०२५ मध्ये सिनेमा. बेंद्र्यांचं पुस्तक आमच्या गावात किती जणांनी वाचलं? माझ्या माहितीत मी आणि आणखी एक. सिनेमाला मात्र लोक ट्रॅक्टर करून गेले आणि रडत परत आले. मी पण रडलो. फक्त एक खटकतं. आधी या राजाला एकही गुण नव्हता, आता एकही दोष चालत नाही. माणूस तेव्हाही हाती लागला नाही आणि आताही निसटतोय.

२४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राने एकाच वेळी दोन नावांना मंजुरी दिली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव. एका राजाचं नाव चढलं आणि दुसऱ्याचं उतरलं. उस्मान अली खान वारला ती तारीखही २४ फेब्रुवारीच. फाइल हलवणाऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

९. नाव उतरतं, दप्तर उतरत नाही

धाराशिव हे नाव जुनंच. गहाणखताच्या वेळीही तेच होतं. त्यामुळे ते परत आलं याचा मला आनंदच आहे, आणि माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर, सर्व्हिस बुकावर, लग्नाच्या पत्रिकेवर उस्मानाबाद आहे त्याचंही दुःख नाही. एसटीत कंडक्टरला कुणी "एक उस्मानाबाद" म्हणालं तर तो धाराशिवचं तिकीट फाडतो. कुणाचं काही अडत नाही.

पण सप्टेंबर २०२३ चा महिना मला विसरता येत नाही. महिन्याच्या मध्यावर जिल्ह्याचं नाव बदलल्याची अधिसूचना निघाली, मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला. आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू असताना, सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. काम काय? मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत 'कुणबी' नोंदी शोधणं. इकडे पाटीवरून निजामाचं नाव खरवडत होते आणि तिकडे त्याच्याच कारकुनांनी लिहिलेल्या चोपड्यांवरची धूळ झटकत होते. २ सप्टेंबर २०२५ ला तर 'हैदराबाद गॅझेट' लागू करण्याचा शासन निर्णय निघाला, आणि ज्या सरकारला माझी आजी शिव्या द्यायची त्याचा शब्द पारावर बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी खरा झाला. "निजामाच्या दप्तरात हाय" म्हणजे विषय संपला.

हे मी हसण्यावारी नेत नाही. माझा एक जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टर चालवतो, पोरगी बारावीला. तो एक झेरॉक्स घेऊन ओसरीवर आला. जुन्या दप्तरातलं पान, सगळं उर्दूत. "सर, तुमाला येतं का वाचायला?" मला येत नाही. इतिहासाचा मास्तर असून येत नाही, हे सांगताना जीभ जड झाली. मग आम्ही दोघं पी.टी.च्या सरांकडे गेलो.

ते आता पंच्याहत्तरीत आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. कागद खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने ओळ धरून वाचायला लागले. आधी वरची छापील ओळ. "सरकारे आली, म्हणजे निजाम सरकार," ते म्हणाले. मग गाव. मग सर्व्हे नंबर. मग एक नाव, आणि विद्यार्थी एकदम पुढे सरकला, "पंजोबा हाय माजा." पुढच्या रकान्यावर सरांचं बोट थांबलं. दोनदा वाचून बघितलं, खात्री केली आणि मग तो शब्द मोठ्याने वाचला.

विद्यार्थ्याने दोघांच्याही पाया पडून घेतलं. मोबाइल काढला, कागद जात्यावर ठेवला आणि फोटो घेतला. पूर्ण पान येत नव्हतं, अक्षर बारीक दिसत होतं. मग त्याने वरची 'सरकारे आली' बाहेर ठेवून पंजोबाच्या नावाची तेवढी ओळ जवळून घेतली.